सीमेवरचा नाका आधुनिक करायचा तर: आधी वेळ मोजा, मग निधी मागा

पिंपळगाव किंवा लासलगावला कांदा भरून निघालेली गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर कापून पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला चार-पाच दिवसांत पोहोचते. त्यापुढे बांगलादेशातल्या बेनापोलच्या गोदामापर्यंतचं अंतर अगदी थोडं आहे, पण तेवढ्यालाही जवळपास तितकाच वेळ लागू शकतो. जागतिक बँकेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासात पेट्रापोल-बेनापोल ओलांडण्याचा वेळ 138 तास होता. त्यातले 28 तास फक्त माल एका गाडीतून दुसरीत चढवण्या-उतरवण्यात जात होते. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या नाक्यांवर सीमा ओलांडण्याचं सगळं काम सहा तासांच्या आत होत होतं.

नाक्यासाठी निधी मागताना बहुतेक प्रस्ताव इमारतीपासून सुरू होतात: प्रवासी टर्मिनल, कमान, गोदामं, काचेची प्रशासकीय इमारत. सुरुवात या 138 तासांपासून व्हायला हवी. कोणता तास कुठे जातो हे कळलं की कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे बहुतांशी आपोआप ठरतं. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: नाका कधीच एका देशाचा नसतो. पलीकडच्या फाटकाची क्षमता दिवसाला दोनशे गाड्यांची असेल, तर अलीकडे हजार गाड्यांची सोय केली तरी दोनशेच जातील.

पुढची माहिती भारताच्या भू-बंदरांना धरून आहे. प्रस्ताव तयार करणारे अधिकारी आणि सल्लागार, तसंच बैठकीत बसून मागण्या मांडणाऱ्या निर्यातदार संघटना, या दोघांनाही ती वापरता येईल.

नाका कोणत्या दर्जाचा हवा?

भारतात सीमेवरच्या व्यापाराची जागा साधारण तीन पातळ्यांवर असते. सर्वात खाली सीमा हाट. तिथे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रकमेपर्यंत आसपासच्या गावांची देवघेव चालते. त्यावर लँड कस्टम्स स्टेशन. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, म्हणजे सीबीआयसी, सीमाशुल्क कायद्याच्या कलम 7 खाली ते अधिसूचित करतं. कित्येक ठिकाणी ही स्टेशनं म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्या एवढंच असतं. सर्वात वर इंटिग्रेटेड चेक पोस्ट, म्हणजे आयसीपी. इथे सीमाशुल्क, इमिग्रेशन, प्लांट क्वारंटाइन (शेतमालातल्या कीड-रोगांची तपासणी), अन्न सुरक्षा, गोदाम, पार्किंग आणि सुरक्षा दल एकाच कुंपणात असतात. आयसीपी बांधण्याचं आणि चालवण्याचं काम गृह मंत्रालयाखालच्या लँड पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे आहे. तिचा कायदा 2010 चा, स्थापना 1 मार्च 2012 ची. पहिलं आयसीपी पंजाबात पाकिस्तान सीमेवरच्या अटारीला 13 एप्रिल 2012 रोजी सुरू झालं.

दिवसाला पंधरा-वीस गाड्यांच्या जागेवर आयसीपी मागू नये. प्रस्ताव वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि साधा चांगला वजनकाटाही मिळत नाही. अशा ठिकाणी लँड कस्टम्स स्टेशन सुधारण्याचा छोटा प्रस्ताव लवकर पार पडतो.

वेळ कशी मोजायची

माल सुटायला किती वेळ लागतो हे मोजण्याची जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘टाइम रिलीज स्टडी’ नावाची पद्धत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराच्या कलम 7 मध्ये तिचा उल्लेख आहे आणि हा करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू झाला. न्हावा शेवाला ही मोजणी नियमित होते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कस्टम्स ब्रोकरना तिची ओळख आहे. जमिनीवरच्या नाक्यासाठी मात्र तिच्यात थोडी भर घालावी लागते.

सलग सात दिवस, दोन्ही दिशांच्या प्रत्येक गाडीसोबत एक कागद किंवा क्यूआर कोडचं कार्ड द्या. त्यावर निदान अकरा वेळा नोंदवा: गाडी गावाबाहेरच्या पार्किंगला पोहोचली, नाक्याच्या फाटकात शिरली, वजन झालं, कागदपत्रं सिस्टिममध्ये दाखल झाली, तपासणी सुरू झाली, तपासणी संपली, निर्यातीची अंतिम परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर मिळाली, फाटकातून बाहेर पडली, झिरो लाइन, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषा ओलांडली, पलीकडे माल उतरायला लागला, रिकामी गाडी परत आली. पूजा, ईद किंवा संपाचा आठवडा निवडू नका. कांदा किंवा संत्र्याच्या हंगामात मात्र दुसरी फेरी जरूर घ्या, कारण नाशवंत मालाचा प्रश्न एरवी दिसतच नाही.

सर्वात मोठी चूक पहिल्या नोंदीत होते. मोजणी नाक्याच्या फाटकापासून सुरू केली की आकडा छान येतो, कारण खरी रांग फाटकाबाहेर असते. पेट्रापोलच्या बाबतीत बोनगाव परिसरातल्या पार्किंगमध्ये गाड्या कित्येक दिवस अडकून पडत. म्हणूनच पश्चिम बंगाल सरकारने ‘सुविधा’ हे वेळ आरक्षित करण्याचं पोर्टल आणलं. फाटकाबाहेरचा वेळ मोजला नाही, तर अशा उपायाची गरज कागदावर उमटतच नाही.

दुसरी चूक सरासरीची. शंभरातल्या नव्वद गाड्या आठ तासांत सुटल्या आणि दहा गाड्या चार दिवस अडकल्या, तर सरासरी सतरा तासांच्या आसपास येते आणि ती कुणाचीच खरी नसते. मध्यक, म्हणजे निम्म्या गाड्या ज्या वेळेच्या आत सुटल्या तो आकडा द्या, आणि सोबत नव्वदावा शतमक, म्हणजे शंभरातल्या नव्वद गाड्या ज्या वेळेच्या आत सुटल्या तो आकडा द्या. निर्यातदाराला वेळेची खात्री हवी असते, आणि ती या दुसऱ्या आकड्यात दिसते. अडकलेल्या दहा गाड्यांची कारणं एकेक करून लिहा. नमुना तपासणीला कोलकात्याला गेला, एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) चुकला, वजनात फरक आला, पलीकडच्या आयातदाराने शुल्क भरलं नाही. प्रस्तावातली सर्वात उपयोगी पानं हीच असतात.

तासांवरून जमीन काढा

हे गणित साधं आहे, तरी प्रस्तावांत क्वचित दिसतं. आवारात एका वेळी किती गाड्या असतील? दर तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येक गाडीचा मुक्काम तासांत. समजा दिवसाला 480 गाड्या येतात, म्हणजे तासाला 20. मुक्काम 30 तासांचा असेल तर 600 गाड्यांची जागा लागेल. मोठ्या ट्रेलरसाठी 18 बाय 3.5 मीटरची जागा आणि वळायला-फिरायला वाट धरून गाडीमागे सुमारे 150 चौरस मीटर लागतात. म्हणजे 90,000 चौरस मीटर, जवळपास 22 एकर. मुक्काम 8 तासांवर आणला तर 160 गाड्या आणि सहा एकर पुरतात. त्यावर गर्दीच्या दिवसांसाठी तीस-चाळीस टक्के जास्त धरा.

फरक सोळा एकरांचा आहे. प्रयोगशाळा, रात्रीची पाळी किंवा आगाऊ कागदपत्रं यांनी बावीस तास वाचत असतील, तर तो खर्च जमिनीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. शिवाय त्यासाठी एकाही शेतकऱ्याची जमीन घ्यावी लागत नाही.

फाटकांचंही तसंच. गाड्या प्रत्यक्षात दहा तासांत येतात असं धरलं, तर तासाला 48. एका गाडीला फाटकावर तीन मिनिटं लागली, तर एक लेन तासाला 20 गाड्या काढते. लेन ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरली की रांग झपाट्याने वाढते, म्हणून एका लेनकडून 16 धरा. तीन लेन लागतात, चौथी बिघाडासाठी. लेन साडेतीन मीटर रुंद ठेवा. एक लेन निदान पाच मीटर रुंद आणि वरून मोकळी हवी, नाहीतर पहिला मोठा ट्रान्सफॉर्मर आला की कमान तोडायची वेळ येते.

जमीन, पाणी आणि 150 यार्ड

भारत-बांगलादेश सीमेवर 1975 च्या मार्गदर्शक सूचनांमुळे झिरो लाइनपासून 150 यार्ड, म्हणजे सुमारे 137 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला दुसऱ्या बाजूची संमती लागते. नकाशावर रेघ मारली की जागा मिळाली असं होत नाही. संमतीसाठी आराखडा आधीच पाठवा. शक्य ते सगळं पट्ट्याबाहेर ठेवा, पट्ट्यात फक्त रस्ता आणि फाटक येऊ द्या. नाला किंवा भिंतसुद्धा वादाचं कारण ठरते, आणि काम महिनोन्महिने थांबतं ते बहुधा इथेच.

भूसंपादन 2013 च्या कायद्याने होतं: सामाजिक परिणाम मूल्यमापन, ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनचा गुणक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. प्रकल्प खाजगी भागीदारीत नेला तर बाधितांपैकी सत्तर टक्के कुटुंबांची संमती लागते, हेही वित्ताचा मार्ग निवडण्याआधी लक्षात घ्या. सीमेवरचं शेत सुटलं की माणसाला दुसरीकडे तसंच शेत मिळत नाही. म्हणून वर काढलेलं सहा एकरांचं गणित फक्त हिशेबापुरतं राहत नाही.

पूर्वेकडची बहुतेक भू-बंदरं सखल, पुराच्या मातीवर आहेत. भराव पुरेसा दाबला नाही तर दोन पावसाळ्यांत पार्किंग खचतं. उभ्या गाड्यांच्या जागी डांबर टाकू नका, तेल गळून ते मऊ पडतं. पातळ काँक्रीटच्या थरावर 300 मिलिमीटर जाडीचं एम-40 काँक्रीट टिकतं. गोदामाचं जोतं गाडीच्या पाट्याइतकं, सुमारे 1.2 मीटर उंच ठेवलं की फोर्कलिफ्ट थेट आत जाते आणि पुराचं पाणीही मालाखाली राहतं. कांद्यासाठी बंद गोदाम नकोच. छप्पर, मोकळ्या बाजू आणि वाऱ्याची दिशा बघून बांधलेली शेड लागते. द्राक्षं आणि मासळीच्या रीफर, म्हणजे शीत गाड्यांना थ्री-फेज, 32 अँपिअरचे प्लग द्या. ते नसले की गाडीचं इंजिन रात्रभर चालू ठेवावं लागतं.

14 सप्टेंबर 2020 रोजी कांदा निर्यातीवर अचानक बंदी आली तेव्हा पेट्रापोल, घोजाडांगा आणि महदीपूरला भरलेल्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. कांदा ताडपत्रीखाली सडायला वेळ लागत नाही. 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा बंदी आली. धोरण कुणाच्या हातात असेल ते असो, पण नाक्याच्या आराखड्यात अशा दिवसासाठी जागा असली पाहिजे: गाड्या उघड्या करून माल हवेशीर पसरता येईल अशी शेड आणि परत वळायला मोकळा रस्ता.

पैसा कुठून आणायचा

आयसीपीचा भांडवली खर्च गृह मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून येतो. त्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल, खर्च वित्त समितीची छाननी आणि मोठ्या प्रकल्पांना पीएम गतिशक्तीच्या, म्हणजे रस्ते-रेल्वे-बंदरांचं नियोजन एकत्र बघणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, नियोजन गटाची तपासणी लागते. ही तपासणी औपचारिकता समजू नका. नाक्याला जोडणारा रस्ता राष्ट्रीय महामार्गाच्या यादीत आहे का, रेल्वे मालधक्का किती दूर आहे, हे प्रश्न तिथे निघतात, आणि निघायलाच हवेत. दहा मीटरच्या जुन्या पुलापुढे शंभर एकरांचं बंदर बांधून काही साधत नाही.

लँड कस्टम्स स्टेशन, शीतगृह, चाचणी प्रयोगशाळा किंवा सीमा हाट यांसाठी वाणिज्य मंत्रालयाची निर्यातीच्या पायाभूत सोयींसाठीची ‘टाइज’ योजना 2017-18 पासून आहे. तिच्यात केंद्राचा वाटा साधारण निम्म्यापर्यंत, ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांत 80 टक्क्यांपर्यंत, आणि एका प्रकल्पाला कमाल 20 कोटी रुपये मिळतात. उरलेला वाटा राज्याने किंवा राबवणाऱ्या संस्थेने घालायचा असतो. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद झाल्याशिवाय अर्ज करू नका. हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या दाखल्यावर सुटतो. पहिल्या हप्त्याचा हिशेब उशिरा गेला की दुसरा पुढच्या वर्षात जातो आणि ठेकेदार काम सोडतो.

पलीकडच्या बाजूचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. नेपाळमधली बीरगंज, विराटनगर आणि नेपाळगंजची बंदरं भारताच्या अनुदानातून झाली. बांगलादेश आणि नेपाळसाठी जागतिक बँकेने जून 2022 मध्ये 1.03 अब्ज डॉलरचं साहाय्य मंजूर केलं, त्यात बेनापोल, भोमरा आणि बुडिमारीच्या भू-बंदरांचा समावेश होता. अलीकडचा प्रस्ताव लिहिताना पलीकडच्या कर्जाचं वेळापत्रक हाताशी ठेवा. दोन्ही कामं एका वर्षात संपावीत हे उद्दिष्ट प्रस्तावातच लिहा.

खाजगी भागीदारी आणि तूटभरपाई निधी (उत्पन्न खर्चाला पुरत नाही अशा भागीदारी प्रकल्पाला मिळणारं सरकारी अनुदान) आकर्षक वाटतो. केंद्राकडून 20 टक्के आणि पुरस्कर्त्या संस्थेकडून आणखी 20 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. पण हा मार्ग संपूर्ण नाक्यासाठी सुचवू नये. नाक्याचं उत्पन्न दोन देशांच्या संबंधांवर अवलंबून असतं आणि ती जोखीम कुठलाही बँकर मोजू शकत नाही. अटारीचंच बघा. फेब्रुवारी 2019 मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला, आणि एप्रिल 2025 मध्ये नाका बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे 120 एकरांच्या या बंदराचा हप्ता फीमधून फेडायचा असता, तर तो कुणी फेडला असता? एप्रिल 2025 मध्येच बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणाऱ्या भारतीय सुताला बंदी केली. मे महिन्यात भारताने तिथल्या तयार कपड्यांना फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं मोकळी ठेवली. एका आदेशाने माल नाक्यावरून उठला आणि समुद्रात गेला.

यातून निधीचा आराखडा असा निघतो. जमीन, भराव, रस्ते, कुंपण आणि सुरक्षा यंत्रणा यांचा खर्च अनुदानातून किंवा अर्थसंकल्पातून करा. गोदाम, शीतगृह, वजनकाटा, फोर्कलिफ्ट, उपाहारगृह, इंधन पंप असे तुकडे खाजगी चालकाला द्या, आणि करारात किमान हमी रकमेऐवजी उत्पन्नातला वाटा ठेवा. बांधकाम टप्प्यांत करा. पहिला टप्पा आजच्या वाहतुकीच्या दीडपट क्षमतेचा असावा, पुढच्यासाठी फक्त जागा राखा. वाहतुकीचा अंदाज एकच देऊ नका. ‘व्यापार दोन वर्षं पूर्ण बंद’ हा पर्यायही हिशेबात मांडा आणि त्या काळात देखभालीला पैसे कुठून येतील ते लिहा.

देखभालीकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. वार्षिक देखभाल, वीज, नेट, सफाई आणि यंत्रांचे करार यांसाठी भांडवली खर्चाच्या पाच ते सात टक्के दरवर्षी धरावेत असा आमचा आग्रह आहे. यंत्रं जास्त असतील तर त्याहून अधिक. हा आकडा नसलेला प्रस्ताव मंजूर झाला तरी तिसऱ्या वर्षी स्कॅनर बंद आणि पार्किंगमधले दिवे गेलेले दिसतात.

स्कॅनर: काय दिसतं, काय दिसत नाही

‘फुल बॉडी ट्रक स्कॅनर’ हा शब्द प्रत्येक बैठकीत येतो आणि तो आला की सुरक्षेचा प्रश्न सुटला असं वाटू लागतं. तसं होत नाही. हे यंत्र उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांवर चालतं. साधारण 6 एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ताकदीचं यंत्र सुमारे 300 मिलिमीटर पोलादापलीकडे पाहू शकतं. आता गाडीतला माल पोलादात रूपांतरित करून पाहा: मालाची घनता गुणिले गाडीची रुंदी, भागिले पोलादाची घनता. पाण्याची घनता 1 धरली तर गोण्यांतल्या कांद्याची सुमारे 0.6 आणि गाडी 2.4 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 180 मिलिमीटर पोलाद. चित्र स्वच्छ येतं. सैंधव मिठाच्या गोण्यांची घनता सुमारे 1.3 धरली तर 400 मिलिमीटर होतात. चित्र काळं येतं.

जून 2019 मध्ये अटारीला 532 किलो हेरॉइन पकडलं गेलं, ते सैंधव मिठाच्या गोण्यांत दडवलेलं होतं. मीठ, सिमेंट, जिप्सम, दगड अशा मालासाठी स्कॅनर पुरेसा नाही हे आधीच मान्य करून दुसरी सोय आखा. गोण्या उतरवून पट्ट्यावरच्या छोट्या क्ष-किरण यंत्रातून काढायची शेड, हमालांची तुकडी, श्वानपथक. एप्रिल 2022 मध्ये अटारीलाच ज्येष्ठमधाच्या मालातून 102 किलो हेरॉइन निघालं. ज्येष्ठमध हलका, त्यामुळे तिथे क्ष-किरण उपयोगी पडतात. यंत्र निवडण्याआधी त्या नाक्यावरून जाणाऱ्या पहिल्या वीस मालांची घनतेसह यादी करा आणि ती निविदेला जोडा. पुरवठादाराने त्याच मालाच्या भरलेल्या गाडीवर चाचणी देऊन दाखवायची, तरच स्वीकृती द्यायची.

यंत्राच्या दोन जाती आहेत. रुळांवर सरकणारं गॅन्ट्री उभ्या गाडीवरून फिरतं आणि तासाला वीस-पंचवीस गाड्या काढतं. दुसऱ्यात गाडी स्वतः चालत पुढे जाते, वेग कितीतरी जास्त, पण चालकाला किरण लागू नयेत म्हणून केबिन पुढे गेल्यावरच किरण सुरू होतात. म्हणजे केबिन तपासली जात नाही, ती हाताने बघायला माणूस लागतो. आराखड्यात ही जागा बहुतेक विसरली जाते.

परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे मुंबईत अणुशक्तिनगरला मुख्यालय असलेल्या एईआरबीची. यंत्राला प्रकार-मान्यता हवी, जागेच्या आराखड्याला मंजुरी हवी, प्रशिक्षित विकिरण सुरक्षा अधिकारी नेमलेला हवा आणि मग चालवण्याचा परवाना मिळतो. भिंतीची जाडी आणि सुरक्षित अंतर यावर जनतेसाठीची वर्षाला 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. म्हणून स्कॅनरची जागा सुरुवातीच्या नकाशातच ठरवा. इमारत उभी राहिल्यावर जागा शोधायला गेलं की स्कॅनर पार्किंगच्या कोपऱ्यात जातो, आणि गाड्यांना तिथवर जायला उलटी फेरी पडते.

चित्र वाचणारी माणसं हा खरा तुटवडा आहे. एक तज्ज्ञ सलग दोन तासांहून जास्त बसला की नजर चुकते. चोवीस तास चालणाऱ्या एका यंत्रासाठी सुट्ट्या धरून दहा-बारा प्रशिक्षित माणसं लागतात. सर्व गाड्या स्कॅन करण्याचा हट्ट नको. जोखीम व्यवस्थापनातून निवडलेल्या, नव्या निर्यातदारांच्या आणि काही यादृच्छिक गाड्या घ्या. यंत्राचा दहा वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार खरेदीच्याच निविदेत घाला, बंद राहिलेल्या प्रत्येक तासाला दंड ठेवा आणि सुट्या भागांचा साठा नाक्यावरच ठेवायला लावा.

किरणोत्सार ओळखणारी कमान वेगळी. ती स्वतः किरण सोडत नाही, फक्त ऐकते. गाडी ताशी आठेक किलोमीटर वेगाने जावी म्हणून आधी गतिरोधक आणि पुढे थांबवायची जागा लागते. पोटॅश खत, सिरॅमिक फरशा आणि ग्रॅनाइटवर ती वाजते, कारण त्यांत नैसर्गिक किरणोत्सार असतो. थायरॉइडवर आयोडिनचा उपचार घेतलेल्या प्रवाशावरही वाजू शकते. समस्थानिक ओळखणारं हातातलं यंत्र आणि लेखी कार्यपद्धती नसेल, तर महिन्याभरात कर्मचारी कमानीचा आवाज बंद करून टाकतात. ही धोक्याची गोष्ट आहे, आणि ती यंत्राच्या किमतीत दिसत नाही.

वीज, नेट, संगणक

दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या फायबर लाइन हव्यात. एकाच खंदकातल्या दोन लाइन एकाच जेसीबीने तुटतात. नेट गेल्यावर किती मिनिटांनी कागदी पद्धत सुरू होईल आणि ती नोंद नंतर सिस्टिममध्ये कोण भरेल, हे लिहून ठेवा. स्कॅनरला वेगळा स्थिर वीजपुरवठा द्या. वजनकाटा 18 मीटरचा, पावसाचं पाणी निघेल असा, आणि वैधमापन विभागाकडून मुदतीत मुद्रांकित केलेला ठेवा. काट्याच्या फरकावरून होणारे वाद सात दिवसांच्या मोजणीत हमखास सापडतात.

पलीकडची बाजू

नेपाळ सीमेवरच्या रक्सौलचं आयसीपी जून 2016 मध्ये सुरू झालं, पण समोरचं बीरगंज एप्रिल 2018 मध्ये. जोगबनी नोव्हेंबर 2016 मध्ये, समोरचं विराटनगर जानेवारी 2020 मध्ये. मधल्या काळात नवं बंदर जुन्या अरुंद वाटेला जोडलेलं राहिलं. त्रिपुरा आणि बांगलादेशाला जोडणारा मैत्री सेतू 9 मार्च 2021 ला खुला झाला, पण नुसत्या पुलाने मालवाहतूक सुरू झाली नाही. याउलट रुपईडिहा आणि नेपाळगंज ही समोरासमोरची बंदरं 1 जून 2023 ला एकत्र उघडली. पुढच्या प्रस्तावांसाठी नमुना हाच असावा.

अशा जोडीसाठी चार गोष्टी लेखी ठरवून घ्या: कामाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी, एका दिशेने तासाला किती गाड्या घ्यायच्या, एकमेकांची वजनं आणि तपासणी अहवाल मान्य करायचे का, आणि वाद झाला तर त्याच दिवशी फोन उचलणारे दोन अधिकारी. पेट्रापोल 1 ऑगस्ट 2017 पासून चोवीस तास सुरू झालं. पण रात्री पलीकडे माल उतरवायला हमाल आणि जागा नसेल, तर अलीकडची रात्रपाळी रांगेच्या पुढच्या टोकाला फक्त आणखी गाड्या उभ्या करते. ऑक्टोबर 2024 मध्ये पेट्रापोलला झिरो लाइनवर ‘मैत्री द्वार’ हे मालवाहतुकीचं सामाईक फाटक खुलं झालं. अशा फाटकाचा फायदा घ्यायचा तर दोन्ही बाजूंच्या लेन समोरासमोर, सारख्या रुंदीच्या हव्यात.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसून गाडी एकदाच थांबवतात तो ‘वन स्टॉप’ नाका. झांबिया-झिम्बाब्वे सीमेवर चिरुंडूला 2009 पासून तो चालतो. त्यासाठी परक्या भूमीवर आपल्या अधिकाऱ्याला अधिकार देणारा कायदा दोन्ही संसदांत लागतो, आणि इमारतीपेक्षा त्याला जास्त वर्षं लागतात. म्हणून इमारत अशी आखा की कायदा झाल्यावर भिंत पाडावी लागू नये.

उद्घाटनाआधी

मनुष्यबळाची मंजुरी बांधकामासोबतच मागा. सीमाशुल्क, इमिग्रेशन, प्लांट क्वारंटाइन आणि अन्न सुरक्षा ही वेगवेगळ्या मंत्रालयांची खाती आहेत, आणि प्रत्येकाची पदनिर्मिती वेगळ्या फाइलीवर चालते. प्रयोगशाळेची इमारत उभी आणि आत विश्लेषक नाही, तर नमुना पुन्हा कोलकात्याला जातो आणि गाडी चार दिवस उभी राहते. निदान तीन आठवडे जुना नाका चालू ठेवून दिवसाला पन्नास गाड्या नव्यातून काढा आणि त्याच अकरा वेळा पुन्हा नोंदवा.

महिला चालक-प्रवाशांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, चालकांसाठी अंघोळीची सोय, स्वस्त जेवण आणि रात्रभर उघडा दवाखाना या गोष्टी पहिल्या टप्प्यातच करा. दोन हजार किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला झोपावं लागू नये. नाशिक, इचलकरंजी किंवा वरुडच्या निर्यातदार संघटनांना हितधारक बैठकीचं बोलावणं आलं, तर तीन गोष्टी मागून घ्या: नव्वदाव्या शतमकाचा वेळ दर महिन्याला जाहीर करणं, नाशवंत मालाची वेगळी लेन, आणि निर्यातीचा आदेश बदलला तर आधीच फाटकात शिरलेल्या गाड्यांना जाऊ देण्याची लेखी मुदत.